1 एप्रिलच्या सकाळची गोळी

पत्र: ताई, नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मासेमारी बंदरावर, छोट्या ट्रस्टच्या व्यसनमुक्ती दवाखान्यात समन्वयक आहे. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून हा दवाखाना सुरू झाला. गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) नशेतून बाहेर येऊ पाहणारे 58 जण आज आमच्याकडे जिभेखालची गोळी घेतात. निम्म्याहून जास्त खलाशी आहेत. येत्या 31 मार्चला निधी संपतोय आणि पुढच्या वर्षी देणार नाही असं कंपनीने कळवलंय. वर्षाचा खर्च 16 लाख. मी नऊ ठिकाणी प्रस्ताव पाठवले, एकाचंही उत्तर नाही. आमचे एक विश्वस्त म्हणतात, हे तर एका व्यसनाऐवजी दुसरं लावलंत, तीन वर्षं पुष्कळ झाली, मार्चपर्यंत सगळ्यांच्या गोळ्या कमी करत बंद करा, राहतील त्यांना 21 दिवस कुठेतरी भरती करू. दुसरे म्हणतात, फी लावा. रुग्णांना मी अजून काहीच बोललेले नाही. सांगू का? रात्री झोप लागत नाही.

उत्तर:

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत. त्यातला एक मात्र मार्चपर्यंत थांबणारा नाही, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. 31 मार्च गाठायची म्हणून कुणाचीही गोळी कमी करू नका. एकाचीही नाही.

तुम्हाला हे ठाऊक आहे, पण विश्वस्तांसमोर मांडता यावं म्हणून लिहिते. अफू, गर्द, ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या मेंदूत ज्या जागी जाऊन बसतात, त्याच जागी तुमच्या जिभेखालच्या गोळीतलं ब्युप्रेनॉर्फिन बसतं, पण अर्धवटच काम करतं. त्यामुळे टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, येत नाही. अंग मोडून येणं, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी, रात्रभर तळमळ हे सगळं थांबतं, ओढ कमी होते, आणि माणूस नशेतही नसतो. एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याची भीती गर्दपेक्षा खूप कमी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मात्र हिचाही भरवसा नाही. आता ही गोळी थांबली की शरीराची जुनी सवय भराभर उतरते. तीन वर्षांपूर्वी जेवढी पुडी त्याला पचत होती, तेवढीच आज ओढली तर तो झोपेतच जाऊ शकतो. उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आलंय. गोळी बंद करता येते, नाही असं नाही. पण ती रुग्णाने स्वतः मागितली तर, त्याचं घर, काम, झोप ताळ्यावर असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कित्येक महिने घेऊन. ट्रस्टच्या बँकेतली शिल्लक बघून ती बंद करायची नसते.

21 दिवसांच्या भरतीचंही तेच. भरतीत अंगातली गर्द निघून जाते. पण बाविसाव्या दिवशी तो त्याच जेट्टीवर, त्याच सोबत्यांत परत येतो, आणि या वेळी खिशात गोळी नसते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी कोकणातल्याच दुसऱ्या एका बंदरावर अशाच दवाखान्याचे हिशेब आणि नियोजन माझ्याकडे होतं. तीन वर्षांचे पैसे होते. संपणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी शेवटच्या तिमाहीपर्यंत मी नव्या देणगीदाराची वाट बघत बसले. 31 मार्चला शाल-श्रीफळाचा कार्यक्रम झाला, फोटो निघाले. शटरवर आम्ही खळीने कागद चिकटवला. 1 एप्रिलला कपाटाच्या किल्ल्या परत द्यायला मी सकाळी आठला गेले तर शटरपुढे पाच जण उभे होते. कागद वाचून झाला होता त्यांचा. तरी उभे होते. त्यातला एक, बोटीवर भंडारी म्हणून जेवण रांधणारा, मला म्हणाला, "बाय, आज उशीर झाला काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांनी आम्ही शोध घेतला तेव्हा निम्म्या लोकांचाही पत्ता लागला नाही. भंडारी पुन्हा पुडीवर गेला होता आणि तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, त्याला बोटीवरून उतरवलं होतं. ती चूक माझी होती. तुमच्या हातात अजून चार महिने आहेत, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

आता कंपनीबद्दल. त्यांचा राग धरू नका. सीएसआरच्या 2021 सालच्या सुधारित नियमांत, अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच धरलेली आहे. ते पैसे सुरुवात करून देण्यासाठी असतात, चूल रोज पेटती ठेवण्यासाठी नव्हे. त्यांच्याकडे चौथ्या वर्षाचा 16 लाखांचा प्रस्ताव पुन्हा पाठवू नका. त्यांना दोनच गोष्टी विचारा. तुमच्या प्रकल्पाच्या नावावर मंजूर झालेली पण खर्च न झालेली काही रक्कम शिल्लक आहे का? असली तर ती वेगळ्या 'अनस्पेंट' खात्यात राहते आणि पुढेही त्याच कामाला वापरता येते. आणि दुसरं, एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांच्या फक्त औषधांचे पैसे ते देतील का? "प्रकल्प चालू ठेवा" म्हटलं की त्यांच्या बैठकीत विषय पुढे ढकलला जातो. "58 माणसांचं औषध मध्ये तुटू नये म्हणून सहा महिने" हे वाक्य ऐकल्यावर नाही म्हणणं अवघड असतं.

नऊ प्रस्तावांना उत्तर का आलं नाही, याचा मी अंदाज करू शकते. तुम्ही सगळीकडे 16 लाखांचा दवाखाना मागितलात. पण तुमचा दवाखाना ही एक वस्तू नाही. तुम्ही पाठवलेला खर्चाचा तक्ता समोर घेऊन बसले. औषधं 6 लाख, डॉक्टरांचं मानधन नि प्रवास 2 लाख 40 हजार, नर्स 2 लाख 40 हजार, दोन कार्यकर्ते 3 लाख 36 हजार, जागेचं भाडं आणि वीज 84 हजार, उरलेला 1 लाख प्रवास, अहवाल, ऑडिट, किरकोळ. यातल्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हे काम कायमचं करायची जबाबदारी आधीच कुणाची आहे? औषध आणि डॉक्टर ही सरकारी आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे, आणि कायद्याने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू नि अमली पदार्थांमुळे होणारे विकार धरलेले आहेत. कलम 18 प्रमाणे सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते फुकट मिळायला हवेत. ट्रस्टने तीन वर्षं हा भार उचलला, चांगलंच केलं. आता तो जिथला आहे तिथे नेऊन ठेवायचा. जागेचा खर्चही त्याच्याबरोबर जातो. उरते नर्स, दोन कार्यकर्ते आणि थोडा किरकोळ खर्च. साधारण 6 लाख 16 हजार, म्हणजे महिन्याला 51 हजारांच्या आसपास. 16 लाखांपुढे तुमची झोप उडते. 51 हजार हा आकडा बंदरावरच्या माणसांबरोबर बसून बोलता येण्यासारखा आहे.

सरकारी बाजूचं काम किचकट आहे, त्यामुळे इथे जरा थांबते.

पहिली भेट जिल्हा शल्य चिकित्सकांची घ्या, आणि त्याच दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मनोविकारतज्ज्ञांची. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. डॉक्टरच नाहीत असं उत्तर तुमच्या जिल्ह्यात सहज देता येणार नाही. जाताना चाळीस पानांचा अहवाल नेऊ नका, एक कागद न्या. त्यावर किती रुग्ण, कोणत्या तालुक्यातले, किती महिन्यांपासून उपचारात, कामावर किती परतले, आणि महिन्याला किती गोळ्या लागतात. तुमच्याकडचा सरासरी डोस 2 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या धरला तर 58 जणांना महिन्याला 5,220 गोळ्या होतात. औषधखरेदी करणाऱ्या माणसाला हा आकडा हवा असतो, बाकी कौतुक नंतर.

त्यांच्याकडे मागायचं काय, तेही नेमकं ठरवून जा. सरकारी रुग्णालयांतच चालणारी 'एटीएफ' नावाची उपचार केंद्रं आहेत. पैसा केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाचा, देखरेख एम्सच्या गाझियाबाद इथल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राची. बाह्यरुग्ण पद्धतीने उपचार होतात आणि औषधं मोफत. तुमच्या कामाशी सर्वांत जुळणारी योजना हीच. पण हे केंद्र रुग्णालयाचं असतं, ट्रस्टचं नाही, त्यामुळे पत्र रुग्णालयाच्या बाजूने जायला हवं. मसुदा तुम्ही टाइप करून न्या, सही त्यांची. दुसरीकडे लोक तुम्हाला नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) ओएसटी, म्हणजे नशेऐवजी अशीच पर्यायी गोळी देणाऱ्या, केंद्रांचा रस्ता दाखवतील. ती केंद्रं मुळात सुईने नशा घेणाऱ्यांसाठी, एचआयव्ही रोखायला म्हणून उभी राहिली. तुमच्याकडचे बहुतेक पन्नीवर ओढणारे असणार, कोकणात तेच जास्त दिसतं. सुई घेणारे जे कुणी असतील त्यांच्यासाठी तो मार्ग जरूर धरा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. खाटांच्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी ई-अनुदान पोर्टलवरून मिळणारं अनुदान हा वेगळा, लांबचा प्रवास आहे. तो या वर्षी सुरूच करू नका.

मधल्या काळातल्या औषधांसाठी जिल्हा नियोजन समिती. पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा थंडीच्या याच दिवसांत तयार होत असतो. आरोग्याच्या शीर्षात किंवा 'नावीन्यपूर्ण योजना' या शीर्षात दरमहा 5,220 गोळ्यांची खरेदी बसू शकते. प्रस्ताव शल्य चिकित्सकांच्या कार्यालयाचा, पाठपुरावा तुमचा. नशामुक्त भारत अभियानाची जिल्हा समितीही जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. तिथे शाळांतल्या प्रभातफेऱ्यांची चर्चा बरीच होते. तुम्ही उभं राहून विचारा, की फेरी बघून ज्याला उपचार घ्यावेसे वाटतील, तो 1 एप्रिलला कुठे जाईल?

एक सावधगिरी मात्र बाळगा. या बैठकांना पोलीसही असतात. रुग्णांच्या नावांची यादी तिथे कधीही फिरू देऊ नका. आकडे द्या, तालुके द्या, नावं नकोत. उपचाराची माहिती गुप्त राहणं हाही त्याच 2017 च्या कायद्यातला हक्क आहे. आणि रुग्ण घाबरले तर त्यांना हेही सांगा की अमली पदार्थ कायद्याचं कलम 64 अ हे स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देतं.

जिल्हा रुग्णालयाने हो म्हटलं तरी तुमच्या बंदरावरून रत्नागिरीला एसटीने रोज कोण जाणार? म्हणून मागणी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ओपीडी आणि रोजच्या डोससाठी एक खोली, एक कुलुपाचं कपाट, अशी करा. तुमची नर्स त्या खोलीत बसेल, असा सामंजस्य करार होऊ शकतो. वेळेचं भांडण आत्ताच भांडून घ्या. सकाळी नऊ ते बाराची ओपीडी मासेमारी करणाऱ्याला सोयीची नाही. त्या वेळी तो लिलावात असतो, बर्फ चढवत असतो, नाहीतर रात्रभर जागून झोपलेला असतो. संध्याकाळचा एक तास मागा. केसपेपरच्या रांगेत तासभर उभं राहावं लागलं तर तुमचे पाच-दहा जण पहिल्याच आठवड्यात गळतील.

सगळ्यांना एकदम हलवू नका. फेब्रुवारीत दहा जण, जे सर्वांत स्थिर आहेत ते. पहिल्या तीन खेपांना तुमचा कार्यकर्ता सोबत जाऊ दे. मार्चमध्ये पुढचे. नवे, डळमळणारे आणि घरी भांडण असलेले सर्वांत शेवटी. 31 मार्चला तुमच्या कपाटात जो साठा असेल त्याचा नोंदवहीप्रमाणे हिशेब करूनच तो द्या. ब्युप्रेनॉर्फिन अमली पदार्थ कायद्याखालचं औषध आहे, आपुलकीने कुणाच्या हातात तीन महिन्यांच्या पट्ट्या देऊ नका. घरात लहान पोरं असतात. आणि ज्या रुग्णालयात जाल तिथे नॅलोक्सोनचं, म्हणजे जास्त झालेली गर्द उतरवणारं, इंजेक्शन आहे का, ते आधी विचारा. नसेल तर मागणीपत्रात पहिल्या ओळीत लिहा.

आता ते 51 हजार.

पैसे कमी पडले की विश्वस्त आधी कार्यकर्त्यांना कमी करतात, कारण डॉक्टर दिसतो, औषध दिसतं, चालणारा माणूस दिसत नाही. पण तुमच्याकडे रुग्ण टिकलेत ते या दोघांमुळे. एखादा दोन दिवस आला नाही की पहाटे पाचला जेट्टीवर जाणारा, जाळ्याच्या ढिगाआड बसलेल्याला ओळखणारा, "काय झालं, बोटीवर भांडण की घरी?" असं विचारणारा माणूस कुठल्याही सरकारी पदात बसवता येत नाही. म्हणून तो गावाच्या पैशावर ठेवायचा.

कोकणात गावाचा पैसा गावात कमी आणि मुंबईत जास्त असतो. तुमच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असेल. देवळाचा सभामंडप, शाळेचं छप्पर, स्मशानाची वाट, हे सगळं त्या वर्गणीतून उभं राहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्याकडे "व्यसनमुक्तीला हातभार लावा" म्हणून जाऊ नका. एका कार्यकर्त्याचा वर्षाचा पगार मागा, 1 लाख 68 हजार. दोन-तीन मंडळांनी मिळून एका माणसाची जबाबदारी घ्यायची आणि गणपतीला गावी आले की त्याला भेटायचं. चाकरमान्यांना हे विषय परके नाहीत. त्यांच्याच चुलतभावाचा, मेव्हण्याचा मुलगा यात असतो, फक्त बोलायची लाज असते. तुम्ही बोललात की त्यांनाही बोलता येतं. हे मी दादर-परळच्या चार-पाच सभांतून स्वतः पाहिलंय. सभा संपल्यावर जिन्यात कुणीतरी थांबवतं आणि हळूच विचारतं, "आमच्याकडचा एक आहे, आणू का?"

दुसरं दार मच्छीमार सोसायटीचं. बोटीचा मालक दयेपोटी देईल असं धरून चालू नका. त्याचा हिशेब त्याला दाखवा. बोट आठ दिवसांसाठी गेली आणि दुसऱ्या रात्री खलाशाला टर्की आली तर काय होतं हे प्रत्येक तांडेलाला ठाऊक असतं. जाळं ओढायला एक हात कमी, माणूस पाण्यात जायची भीती, नाहीतर अर्ध्यातून परत, डिझेल फुकट. बोटीमागे महिन्याला 300 रुपये आणि 60 बोटी, तर 18 हजार झाले. पण मागायची वेळ सांभाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कुणाच्या हातात पैसा नसतो. नारळी पौर्णिमेनंतर बोटी लागल्या, दोन-तीन फेऱ्या झाल्या, की सप्टेंबर-ऑक्टोबरात जा आणि वर्षाचं एकदम घ्या. आंबा बागायतदारांकडे मेअखेरीला, हिशेब मिटल्यावर. ट्रस्टला 80-जी असेल तर 2,000 रुपयांवरची देणगी रोख घेऊ नका, चेकने किंवा ऑनलाइन घ्या, नाहीतर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. आणि या जमा होणाऱ्या पैशातून तीन महिन्यांचा खर्च, सुमारे दीड लाख, वेगळ्या खात्यात ठेवायचा. सरकारी औषध एखाद्या महिन्यात उशिरा येणारच. तेव्हा या खात्याला हात लावायचा, एरवी नाही.

पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये, शहरात गर्द पसरली होती तेव्हा, अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलं. सुरुवातीला मदत झाली ती पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीची. एवढी वर्षं ते त्या एका देणगीवर चाललेलं नाही. सुरुवातीचा पैसा वेगळा आणि चालू खर्चाचा वेगळा, हे विश्वस्तांना सांगताना हे उदाहरण कामाला येईल.

फीबद्दल थोडक्यात. ज्याला देता येईल त्याने पेटीत टाकावेत, जून-जुलैत पेटी बाजूला ठेवावी. पण पैसे नाहीत म्हणून डोस नाही, असं एकदाही होता कामा नये. दहा रुपये नसलेला माणूस त्या दिवशी दवाखाना टाळतो, आणि टाळलेल्या दिवशी पुडीवाला उधारीवर द्यायला तयार असतो.

राहता राहिले "एका व्यसनाऐवजी दुसरं लावलंत" म्हणणारे विश्वस्त. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एका सकाळी दवाखान्यात बोलवा आणि वीस मिनिटं बाकावर बसवा. नर्स गोळ्या चुरून जिभेखाली ठेवते. माणूस पाच-दहा मिनिटं तोंड मिटून बसतो, भिंतीकडे बघत. कुणी बोलत नाही. नर्स बॅटरीचा उजेड टाकून जिभेखाली बघते, वहीत सही घेते. मग तो उठतो, पंचाने तोंड पुसतो आणि बर्फाच्या गाडीकडे जातो. हाच माणूस पूर्वी दिवसातून चार वेळा पुडीमागे फिरायचा, बायकोच्या डब्यातले पैसे काढायचा. विश्वस्तांनी ते बघावं आणि वहीतल्या त्याच्या सलग सह्या बघाव्यात. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या 2 कोटी 26 लाख लोकांनी वर्षभरात अफूजन्य पदार्थ घेतल्याचं आढळलं, आणि ज्या थोड्या राज्यांत त्यातले निम्म्याहून अधिक व्यसनग्रस्त आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. तरीही मला वाटतं, विश्वस्तांना ती वही जास्त पटेल.

शेवटचं, रुग्णांना सांगायचं का. सांगा, आणि जानेवारीतच सांगा. त्यांना बाहेरून कळलं तर त्यांचा तुमच्यावरचा विश्वास जाईल, आणि काही जण घाबरून आधीच सोडून देतील. एकेकट्याला नाही, पाच-सहा जणांना बसवून, चहा देऊन. मोठं भाषण नको. असं काहीसं बोला: "कंपनीचे पैसे मार्चमध्ये संपतात. तुमची गोळी संपत नाही. फेब्रुवारीपासून ती सरकारी दवाखान्यात मिळेल, पहिल्या दिवशी आपला माणूस तुमच्याबरोबर येईल. कुणाचा डोस कमी होणार नाही. काही अडलं तर मी आधी सांगितलं नव्हतं असं तुम्ही म्हणू नये, म्हणून आज सांगतेय." यातलं सरकारी दवाखान्याचं वाक्य बोलण्याआधी शल्य चिकित्सकांकडून लेखी घ्या. म्हणून त्यांची भेट या आठवड्यात. तारीख मिळाली की मला कळवा, त्या एका पानाच्या कागदाचा मसुदा आधी माझ्याकडे पाठवा, मी दोन दिवसांत तपासून देते.